नाळेवरचं बोट

४ मार्च, मंगळवार

अक्षर घाण येणार. डाव्या हाताने लिहितेय. उजवा उशीवर ठेवलाय — कुणीतरी आपला विसरून गेल्यासारखा. बोटं सुजलीत. अंगठा तेवढा हलतो.

बाळ जिवंत आहे. आज एवढंच.

५ मार्च

नीट लिहून काढते. नाहीतर डोक्यात नुसतं भिरभिरत राहील.

काल सकाळी एक बाई दाखल झाली. पहिलटकरीण. पडदे शिवायचं काम करते. हे तिनेच सांगितलं. बाळंतपणाच्या खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या खिडकीकडे बघून म्हणाली, "हा पडदा कुणी शिवलाय? दुमड उलटी घातलीय." पोटात कळ, आणि हिचं लक्ष पडद्याकडे! मला हसू आलं. इतकी वर्षं तो पडदा बघतेय, मला कधी दिसलं नव्हतं. चिमणीने लगेच तिचं नाव पडदेवाली ठेवलं. (चिमणी म्हणजे आमची नवी सिस्टर. आवाज तसा आहे म्हणून. मला त्या सगळ्या मागून खडूस म्हणतात, ते मला माहीत आहे.)

बाळाचं डोकं अजून वर होतं. पाणमोट फुटली आणि पाण्याबरोबर नाळ खाली आली. चादर उचलली तर समोर वेटोळं — निळसर, ओलं. नाळ आधी आली की मागून येणारं डोकं तिला दाबतं, आणि नाळ दाबली की बाळाचं सगळंच बंद. अशा वेळी एकच करायचं. हात आत घालायचा, डोकं बोटांनी वर रेटून धरायचं, आणि पोटातून बाळ काढेपर्यंत सोडायचं नाही. शिकवताना एका वाक्यात संपतं.

तिला ढकलगाडीवर गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवं केलं. तोंड उशीत. मी मागे त्याच ढकलगाडीवर गुडघे टेकून, हात आत. अशी आमची वरात निघाली. रस्त्यात सगळे भिंतीला चिकटून उभे. तिने एकदाच विचारलं, "चाललंय ना नीट?" मी म्हटलं, चाललंय.

ऑपरेशनची खोली रिकामी नव्हती. आत कुणाचं तरी अपेंडिक्स उघडलेलं. ते शिवून होईपर्यंत आम्ही दाराबाहेर. हात आधी दुखला, मग मुंग्या आल्या, मग काहीच नाही. चिमणी म्हणाली, "मी धरू का थोडा वेळ?" नको म्हटलं. हात बदलताना डोकं एकदा जरी खाली आलं असतं तर संपलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं — तसली गत.

डॉक्टरबाई पलीकडच्या नळावर हात धूत होत्या, आमच्याकडे पाठ. त्यांनी विचारलं, "नाळेत ठोके लागतायत का?"

ठोके असतील तर बाळ जिवंत. मग भूल, सुरी, सगळी घाई. ठोके नसतील तर बाळ गेलेलं. मग आईचं पोट कशाला कापायचं, खालूनच येऊ द्यायचं. त्या एका उत्तरावर सगळं होतं. चिमणी ठोके ऐकायचं यंत्र ओणव्या पोटाला खालून लावत होती, ते सरकत होतं, नुसती खरखर येत होती.

नाळ माझ्या तर्जनीखाली होती. ठोका लागत होता. पण तो नाळेचा की माझ्याच बोटाचा? बधिर बोट कशावर दाबून धरलं की त्यात आपलाच ठोका वाजतो. बाळाचा ठोका आपल्यापेक्षा खूप भरभर असतो, हे खरं. हा भरभर होता. पण माझं काळीज तरी त्या वेळी कुठे सावकाश चाललं होतं?

"आहेत" — असं उत्तर गेलं आणि पुढचं सगळं धावतच झालं.

मुलगा. पांढराफटक आणि लुळा निघाला. रडला नाही. लहान मुलांचे डॉक्टर त्याच्यावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी मान हलवली — ठोका लागला म्हणून. काळीज चालू झालं.

मी कोपऱ्यात उभी होते. हात कोपरापासून लोंबत होता. चिमणीने तो धुऊन दिला.

६ मार्च

आईला काही सांगितलं नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावरच आहे, पण डोळे तिचे घारीचे. चहा डाव्या हाताने दिला तर म्हणाली, "कुणाला मारून आलीस?"

हातावर ताण आला म्हटलं.

"दे इकडे. मला काय उद्योग आहे? पडल्या पडल्या चोळून देते."

अर्धा तास चोळत बसली. तिची बोटं आता नुसती काटक्या. मला काही लागत नव्हतं, पण बरं वाटतंय म्हटलं.

८ मार्च

आज कामावर गेले. हलकं काम दिलंय. आत शिरले तर सगळे टाळ्या वाजवायला लागले. मोठे साहेब स्वतः खाली आले. त्यांना फोटो हवा होता — माझा नव्हे, हाताचा! सूज दिसेल असा. सूचनाफलकावर लावणार म्हणे, नव्यांना स्फूर्ती मिळावी म्हणून.

डॉक्टरबाई सगळ्यांना सांगत होत्या, "हिने धरून ठेवलं आणि छातीठोकपणे सांगितलं, आहेत. म्हणून आपण वेळेत आत गेलो."

छातीठोकपणे!

मला माझं तोंड उघडल्याचंसुद्धा आठवत नाही. मुंग्या आठवतात. नळाचं पाणी आठवतं. तिच्या मानेवर घामाने चिकटलेले केस आठवतात. शब्द मात्र आठवत नाही.

बाळाला बघायला गेले नाही.

९ मार्च

गेले. काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी, तोंडात नळी, डोक्याला तारा. काल त्याला झटके आले, तिथल्या सिस्टरने सांगितलं. मध्येच डावा पाय सायकल मारल्यासारखा फिरतो — तोही झटकाच. बघणाऱ्याला वाटावं खेळतंय.

बाप काचेपाशी उभा होता. फरशा बसवायचं काम करतो, नखांत सिमेंट अजून. मला बघून हात जोडले. "सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू?" मला पळून जावंसं वाटलं.

पडदेवाली चाकाच्या खुर्चीत बसलेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पेटीकडेच बघत राहिली.

१२ मार्च

हात: दोन बोटांत जीव आलाय. मधलं अजून लाकूड.

१४ मार्च

मेंदूचा फोटो निघाला. लहान मुलांचे डॉक्टर हळू आवाजात बोलत होते आणि आई-बाप ऐकत होते, मी दारातून बघितलं. मोठा मार आहे. गिळेल का सांगता येत नाही. बघेल का सांगता येत नाही. चालणं तर विसराच — हे ते तसं म्हणाले नाहीत, पण त्यांनी चालण्याचं नावच काढलं नाही.

बापाने एकच विचारलं, "औषधाने?" डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. बाप मान डोलावत राहिला, जसं काही समजलंच.

मी परत येऊन औषधांचं कपाट लावलं. लावलेलंच होतं, पुन्हा लावलं.

मी नाही म्हटलं असतं तर? बाळ गेलं असतं. ते रडले असते, पुष्कळ रडले असते, आणि वर्षा-दोन वर्षांनी दुसरं झालं असतं. मी असं लिहितेय हे कुणी वाचलं तर मला काम करू देणार नाहीत. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

१५ मार्च

त्या वेळी ठोका नाळेत असेलच, तर मी काही चूक केली नाही. आणि नसेल तर काळीज थांबलेलं बाळ आम्ही मागे ओढून आणलं — माझ्या ठोक्याच्या भरवशावर.

कुणाला विचारायचं हे? बोटाला?

१८ मार्च

मोठ्या साहेबांचा हुकूम — नव्या मुलींना दाखवायचं, नाळ बाहेर आली तर काय करायचं. रबराची कंबर, रबराचं बाळ, नाळ म्हणून दोरी. मुली वह्या उघडून बसल्या. सगळं दाखवलं. हात कसा घालायचा, डोकं कुठे रेटायचं, नाळेला उगाच हाताळायचं नाही.

मग माझ्या तोंडून निघून गेलं: "आणि एक लक्षात ठेवा. बोट बधिर झालं की त्यात तुमचा स्वतःचा ठोका लागतो. नाळेचा म्हणून तोच मोजाल. मलाही कळलं नाही."

कुणी लिहीना. चिमणी खाली बघायला लागली. फलकावर हाताचा फोटो होता, त्याच्याच खाली मी उभी.

संध्याकाळी आईला नुसतं म्हटलं, आज वर्गात जरा जास्त बोलले. ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण. तुझी खोडच ती." तिला काही माहीत नाही. तरी बरोबर लागलं.

१९ मार्च

डॉक्टरबाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं. आम्ही दोघी एका वयाच्या, दार लागलं की ती मला अगं म्हणते.

"अगं, असं का सांगितलंस पोरींना?"

"खरं आहे ते."

"खरं असेल. पण तू आहेत म्हणालीस. मी आत गेले. आणि बाळ जिवंत निघालं, काळीज लागलं. म्हणजे होते ठोके. नाहीतर लागलं असतं का?"

"कधी कधी लागतं. थांबून थोडा वेळ झाला असेल तरीही."

मी विचारलं, "मी खरंच म्हणाले का?"

"मग काय भिंत म्हणाली?"

चहा मागवला. दोघींनी प्यायला. निघताना तिने माझा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा बघितला, नसा बघतात तसा. म्हणाली, "मला ते उत्तर हवं होतं. कुणीही म्हटलं असतं तरी मी आत गेले असते." हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की स्वतःला, ते कळलं नाही.

२३ मार्च

बाळाची तोंडातली नळी काढली. स्वतः श्वास घेतो. वॉर्डात आनंद. रडतोही — बारीक, एका सुरात, दारं कुरकुरतात तसा. थांबवला तरी थांबत नाही.

पडदेवाली त्याला छातीशी घेऊन बसते. दूध नळीनेच. मी दारातून जाते, ती बघत नाही. मुद्दाम बघत नाही, हे आता पक्कं. बाप हात जोडतो, ती मान खाली घालते.

रागच येणार. मी तिच्या जागी असते तर माझं तोंडही बघितलं नसतं.

२७ मार्च

आज बाप जिन्यावर भेटला. कामावरून तसाच आलेला, गुडघ्यांवर पांढरी भुकटी. हात जोडले नाहीत. पायरीवर बसला, म्हणून मीही थांबले.

"सिस्टर, एक विचारू? रागावू नका."

विचारा म्हटलं.

"सगळे म्हणतात वाचवलं, वाचवलं. कुणाला वाचवलं?"

तो पुढे बोलत राहिला, माझ्याशी नाही, पायरीशी. "आमच्या कामात फरशी तडकली तर काढून टाकतो. दुसरी लावतो. हे बोलू नये, मला कळतं. ती झोपत नाही. मी बघतो तेव्हा जागी. मला म्हणते, तू कामावर जा. हा असाच वाढणार का? वीस वर्षांचा होईल, मी म्हातारा होईन, उचलणार कोण?"

मग उठला, भुकटी झटकली. "ज्याने कुणी ठरवलं ना आत जायचं, त्याला एकदा भेटायचंय मला. भांडायला नाही. नुसतं बघायचंय."

वर गेला.

हा माणूस मला हात जोडत होता, आणि त्याला भेटायचं होतं ते मलाच.

२८ मार्च

रजा घेतली. हात दुखतो असं सांगितलं. हात दुखत नव्हता.

२९ मार्च

आईची चादर बदलताना विचारलं. सहज विचारल्यासारखं. "तुला कधी वाटतं का गं, त्या पडण्यातच गेले असते तर बरं झालं असतं?"

"वाटतं की."

मी थांबले. ती म्हणाली, "सकाळी वाटतं. तू कामावर गेलीस की. भिंतीशी काय बोलू? दुपारी झोप लागते. संध्याकाळी तू येतेस, मग तुला बोलायचं असतं मला, तेव्हा नाही वाटत." मग म्हणाली, "का? कंटाळलीस होय मला?"

"गप बस," म्हटलं.

"उशी नीट ठेव. आणि चोराच्या मनात चांदणं. कुणाचं काय झालंय ते सांगत नाहीस, म्हाताऱ्या आईला मेलेलं बरं का विचारतेस."

तेव्हा सगळं सांगितलं. तिच्या अंथरुणाच्या कडेला बसून, पहिल्यापासून. रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत नाही, तशी ती नाहीच. तिने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "त्या पोरीला सांगितलंस का हे?"

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंस ते. तिच्या पोराचं आहे, तिला नको का कळायला?"

माझी हिंमत नाही, म्हटलं. आई म्हणाली, "मग बस रडतराऊतासारखी."

२ एप्रिल

फोटो फलकावरून काढून टाकला. कुणाला न विचारता. टाचण्यांची भोकं राहिलीत. कुणी विचारलं नाही.

३ एप्रिल

मधलं बोट हललं. आनंद व्हायला हवा होता.

७ एप्रिल

उद्या त्यांना घरी सोडणार. बाळ नळीने दूध घेतं, झटके औषधाने आवरलेत, इथे आणखी करण्यासारखं काही नाही. पडदेवालीला नळी घालायला शिकवलीय. तिथली सिस्टर म्हणते, एकदा दाखवलं आणि जमलं, शिवणाऱ्या बाईचा हात तो.

बाप तिच्याशी बोलत नाही म्हणे. म्हणजे भांडत नाही, नुसता बोलत नाही. येतो, खुर्चीवर बसतो, जातो. चिमणीने सांगितलं. बाळाला त्याने अजून एकदाही उचललेलं नाही.

उद्या सांगणार. एवढंच सांगायचं: ठोके होते की नव्हते मला कळलं नव्हतं, तरी मी आहेत म्हणाले. तुमच्या पोराचं जे झालं त्यात माझं बोट आहे. नवऱ्याला ज्याला बघायचंय, ती मी. त्याने मला हवं ते बोलावं, पण तिच्याशी बोलावं. मग तिला काय करायचं ते करू दे. तक्रार करायची तर करू दे.

वाक्यं तोंडपाठ करतेय. या वयात! परीक्षेला बसल्यासारखी.

८ एप्रिल

सांगितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो, नवरा खाली गाडी बघायला गेला होता. ती बाळाच्या गालावरची पट्टी बदलत होती. माझं सगळं ऐकून घेतलं. मान वर केली नाही.

म्हणाली, "तुम्ही काहीच बोलला नव्हता, सिस्टर. डॉक्टर विचारत होत्या आणि तुम्ही गप्प. का गप्प, ते मला कळलं. आहेत असं मी म्हणाले, उशीतून."

पट्टी चिकटवली, कडा बोटाने दाबली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"ह्यांना सांगू नका."

नाही सांगणार, म्हटलं.